आवाज ईटला आला

अकरा जुलै, गुरुवार, दुपारचे सव्वाबारा. मंजूर रक्कम चौदा लाख रुपये, पैकी पहिला हप्ता सात लाख. उपस्थित तिघं: प्राचार्य, भौतिकशास्त्राचे हत्तुरे सर आणि कॉलेजचा लेखापाल म्हणून मी.

एवढं मी त्याच दिवशी माझ्या रोजच्या वहीत लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी सर जे बोलले ते लिहिलं नाही, कारण ते कुठल्या सदरात घालावं हे मला कळलं नव्हतं.

पदवीच्या वर्गातलं विज्ञान आणि गणिताचं शिकवणं सुधारावं म्हणून दिल्लीच्या एका योजनेतून आलेलं ते अनुदान होतं. अर्ज हत्तुरे सरांनीच केला होता, तीन वर्षांपूर्वी. प्राचार्यांनी मंजुरीचं पत्र मोठ्यानं वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बोला सर, सगळ्यात आधी काय घ्यायचं?"

सर खिडकीबाहेर बघत होते. प्राचार्य थोडे थांबले आणि मग स्वतःच सांगायला लागले. डिजिटल फळा, प्रोजेक्टर, वीस संगणक. मी आकडे उतरवून घेत होतो. चहा आला, साखर जास्त झाली यावर बोलणं झालं, कप परत गेले. तेव्हा सर म्हणाले, "फटाके."

"काय?" प्राचार्यांनी चष्मा परत घातला.

"तुम्ही विचारलं ना, आधी काय घ्यायचं. सुतळीबॉम्ब. चाळीस नग पुरतील."

कॉलेजमध्ये नव्यानं आलेल्या माणसाला वाटे की हत्तुरे सरांना कमी ऐकू येतं. तसं काही नव्हतं. विचारलेलं त्यांना पहिल्याच वेळी ऐकू जात असे, फक्त उत्तर निघायला वेळ लागे. कधी दहा सेकंद, कधी अर्धा तास. एकदा सकाळी फाटकापाशी मी त्यांना विचारलं, "वहिनींचे गुडघे कसे आहेत?" ते तसेच आत गेले. दुपारी चार वाजता, मी पगारपत्रकात बुडालेला असताना, माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "डावा बरा आहे भाऊसाहेब. उजवा तसाच." आणि जळकोटच्या गाडीला निघून गेले.

माणसं या गोष्टीला सरावली होती. विद्यार्थी तासाच्या सुरुवातीला शंका विचारून ठेवत आणि शेवटी उत्तर घेत. सहकारी गंमत करत. "हत्तुरे सरांना लग्नाचं बोलावणं साखरपुड्यालाच द्यावं," असं एक जण म्हणायचे. सर हसायचे, तेही जरा उशिरा.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा सदरा, बाह्या दोनच घड्या मारून वर घेतलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डबा, खडू आणि तीस मीटरची टेप. टेप कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "वाटेत काही लांब दिसलं तर." घर जळकोटला, हमरस्त्याच्या कडेला. घरात कन्नड, बाहेर मराठी. फळ्यावर गणित मांडताना मराठीत बोलत आणि आकडे मात्र ओठातल्या ओठात कन्नडमधून मोजत. ओंदु, एरडु, मूरु. त्यांचं म्हणणं असं की, "मी मोजतो कन्नडमध्ये, बोलतो मराठीत, लिहितो इंग्रजीत. चूक तिन्ही भाषांत एकच होते."

त्यांचं दुसरं एक म्हणणं होतं, ते जास्त वेळा ऐकू यायचं. "आधी दिसतं, मग ऐकू येतं. मधला वेळ आपला."

फटाके त्यांना त्या मधल्या वेळासाठीच हवे होते. मोकळ्या माळाच्या एका टोकाला बॉम्ब वाजवायचा. दुसऱ्या टोकाला मुलांनी घड्याळं घेऊन उभं राहायचं. धूर दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की परत दाबायचं. अंतर भागिले वेळ, म्हणजे आवाजाचा वेग. "पुस्तकातला वेग मुलांना पाठ आहे," ते म्हणाले. "पण कुणी त्याची वाट बघितलेली नाही."

माझा प्रश्न वेगळा होता. "सर, फटाके कुठल्या सदरात दाखवू?"

"उपकरणं."

"आणि फुटल्यावर साठा नोंदवहीत?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "वापरात संपले असं लिहा. खडू नाही का लिहीत?"

खरेदीला तीन दरपत्रकं लागतात. ती तेरखेड्याहून आली. तीन वेगळ्या दुकानांची, तीन वेगळे शिक्के, पण तिन्हींवर अक्षर एकाच माणसाचं. मी ती बाजूला ठेवली आणि म्हणालो की स्वतः जाऊन बघितल्याशिवाय मी सही करणार नाही. सर ताबडतोब नाही, पण आनंदानं तयार झाले. डिसेंबरात एका शनिवारी आम्ही तुळजापूरहून एसटीनं निघालो, धाराशिव, येरमाळा करत तेरखेड्याला उतरलो. अक्षराचा उलगडा तिथं लगेच झाला. तिन्ही दुकानं खरी होती, फक्त चांगलं अक्षर गावात त्या एकाचंच होतं आणि तो सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा. तसं मी दरपत्रकांवर टिपून ठेवलं.

ज्या दुकानाचा दर सगळ्यात कमी होता, त्यांच्या कामाच्या शेड गावाबाहेर रानात होत्या, एकमेकींपासून लांब लांब. शेवटच्या शेडपुढं लिंबाखाली साठीच्या आसपासची एक बाई उकिडवी बसली होती. पुढ्यात वातीचं भेंडोळं. तिनं त्यातून वीतभर तुकडा तोडला, दगडावर ठेवला, पेटवला आणि वात जळत असताना एका लयीत म्हणायला लागली:

"तेरखेडा, वाशी, पारगाव, ईट, पाथरूड, वालवड, भूम, अनाळा, परंडा, सोनारी."

सोनारी म्हणताना वात विझली. बाईनं मान हलवली आणि भेंडोळं उजव्या हाताच्या टोपलीत टाकलं.

त्या अनुसयाबाई माने. वाती तपासायचं काम त्या एकेचाळीस वर्षं करत होत्या.

"हे काय म्हणता, बाई?" मी विचारलं.

"गावं हायती. वात सोनारीला पोचली तर पेटवणारं माणूस लांब पळून वाचतं. भूमलाच संपली तर ती वात टाकून द्यायची. सासूनं शिकवलं. घड्याळ कुटं व्हतं तवा?"

"आणि आता आहे की."

"हाय की. पर हात वातीवर, डोळं वातीवर. घड्याळाकडं बघायला तिसरा डोळा कुठनं आणू?"

सर खाली बसले होते. पांढऱ्या सदऱ्याला दारूची काळी भुकटी लागतेय याचं भान नव्हतं. पिशवीतून त्यांनी घड्याळ काढलं, ते बटण दाबायचं. "बाई, परत म्हणा. वात नको. नुसती गावं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे हा माणूस बरा आहे ना, असं. मी हो म्हणालो. त्यांनी गावं म्हटली. सरांनी परत म्हणायला लावली. अकरा वेळा. मी आकडे उतरवत होतो. दहा गावांना दहा सेकंद आणि वर थोडं. अकराही वेळा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात सेकंदाच्या पाव भागाचाही फरक नव्हता. 'ईट' म्हणायला जेवढा वेळ, तेवढाच 'तेरखेडा' म्हणायला. लहान नाव त्या लांबवत, मोठं आवरून घेत.

परत निघताना मी सरांना म्हणालो, "गावांचा क्रम काही नकाशाप्रमाणं बरोबर वाटत नाही."

येरमाळ्याच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली होती. शेंगा विकणारी माणसं खिडक्यांशी येऊन गेली. गाडी हलल्यावर सर म्हणाले, "नकाशाप्रमाणं नाही. तालाप्रमाणं आहे."

जानेवारी आणि फेब्रुवारीत मिळून तीन वेळा आमचा बी.एस्सी.चा वर्ग तेरखेड्याच्या माळावर गेला. बावीस मुलं-मुली. साठा खरंच वापरला जातो की नाही हे बघायला म्हणून मी तिन्ही वेळा गेलो. पहिल्या वेळी ते खरं कारण होतं.

मुलांनी टेपनं अंतर मोजलं. एकदा तेराशे ब्याण्णव मीटर आलं, एकदा चौदाशे सात, एकदा चौदाशे एक. मुलं विचारायला लागली, यातलं कुठलं लिहू? सर म्हणाले, "तिन्ही. सरासरी नंतर. आधी आपण किती चुकतो ते तरी कळू दे." गणिताच्या तासाला चूक मोजायचं जे सूत्र मुलांना डोंगरासारखं वाटायचं, ते तिथं गवतात बसून त्यांनी मांडलं.

पलीकडच्या टोकाला दुकानाचा परवानाधारक माणूस बॉम्ब पेटवायचा. धूर लांबून दिसावा म्हणून शेजारी चुन्याची पुरचुंडी बांधलेली असे. अलीकडं आम्ही सगळे. आणि सरांनी खुर्ची देऊन बसवलेल्या अनुसयाबाई. खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू ती कुणाची तरी राखून ठेवलेली जागा आहे.

पहिला पांढरा ढग उठला तो मला अजून दिसतो. लांब, बांधाच्या पलीकडं, आवाजाशिवाय. कापसाचं बोंड उकलावं तसा. ज्वारी काढून नेलेलं रान, मागं एक बाभळ, वर ऊन. काहीतरी होऊन गेलं होतं आणि ते आमच्यापर्यंत अजून यायचं होतं. तेवढ्या वेळात कुणी हललं नाही. शेजारी अनुसयाबाई हळू आवाजात म्हणत होत्या, तेरखेडा, वाशी, पारगाव, ई...

आणि आवाज आला. मुलं दचकली.

"ईटला आला," बाई म्हणाल्या.

बावीस घड्याळांत बावीस उत्तरं होती. काहींचं साडेतीन सेकंद, काहींचं पावणेपाच. दोघांनी दचकून दोनदा बटण दाबलं होतं. पुन्हा बॉम्ब, पुन्हा ढग. "ईटला आला." परत. "ईटला." बाई दचकत नव्हत्या. एकेचाळीस वर्षांत त्यांचं दचकायचं संपलं होतं. सरांनी फळा नेला होता, तो बाभळीला टेकवून त्यांनी मुलांना दाखवलं की घड्याळ चांगलं असून भागत नाही, धरणारा माणूस किती चुकतो तेही मोजावं लागतं. तुमची चूक एवढी. माझी एवढी. बाईंची एवढी. बाईंची रेघ एवढी आखूड होती की खडूचा ठिपकाच दिसत होता.

तिसऱ्या वेळी, सामान आवरताना, अनुसयाबाई सहज म्हणाल्या, "सकाळचा आवाज वाइच सावकास येतो, सर. दुपारचा तापल्याला असतो, पळत येतो."

सर टेप गुंडाळत राहिले. सगळी टेप गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक पडत असेल. माणसाला कळणार नाही."

आम्ही गाडीपर्यंत चालत आलो.

"पण बरोबर आहे," सर म्हणाले.

त्या दोन महिन्यांत वर्गातली सगळी मुलं गावं म्हणायला शिकली. जिन्यात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग बदलायची वाट बघताना, तेरखेडा वाशी पारगाव. मीही सुटलो नाही. घरी दूध तापवायला ठेवलं की माझे ओठ हलायचे. बायकोनं एकदा विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हणालो, "पाथरूडपर्यंत."

आता पैशाचं. योजनेत अतिथी तज्ज्ञाला एका सत्राचं मानधन दीड हजार रुपये होतं. पण नियमाप्रमाणं तज्ज्ञ किमान पदव्युत्तर हवा. अनुसयाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. म्हणून मी व्हाउचर तयार केलं: आकस्मिक खर्च, मजुरी, तीन दिवस, रोज तीनशेप्रमाणं नऊशे रुपये. ते विनाअडचण मंजूर झालं असतं. सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

"मजुरी त्यांनी केली नाही. शिकवलं."

"सर, नियमात बसत नाही. तपासणीत उडेल."

"मग अर्ज पाठवू." आणि त्यांनी तज्ज्ञाच्या माहितीचा छापील फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. शैक्षणिक पात्रता: दुसरी. अनुभव: एकेचाळीस वर्षे. विशेष प्रावीण्य: काळ मोजणे.

मंजुरी येईपर्यंत बाईंना ताटकळत ठेवायला नको म्हणून सर स्वतःच्या खिशातले साडेचार हजार घेऊन तेरखेड्याला गेले. बाईंनी घेतले नाहीत. सरांनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत असं: "तुमचं पैसं कशाला घिऊ, सर? तुमी काय गिऱ्हाईक हायसा? कालिजानं बोलावलं तर कालिजानं द्यावं. आन् कशापायी दिलं ते लिवावं. मजुरी मला रोज मिळती."

म्हणजे आता गोष्ट साडेचार हजारांची राहिली नव्हती. एका ओळीची झाली होती, आणि ती ओळ माझ्या व्हाउचरवर होती.

मी सरांना त्या दिवशी विचारलं, "एवढं का मनाला लावून घेता?" उत्तर आलं नाही. ते आलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, वर्षअखेरीच्या धांदलीत. सर दारात येऊन उभे राहिले आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "माझे वडील जळकोटला आडतीत होते. पोत्याकडं नुसतं बघून वजन सांगायचे. काटा नंतर तेच सांगायचा. मालक त्यांना विचारल्याशिवाय सौदा करत नसत. पगाराच्या वहीत शेवटपर्यंत हमाल."

मी पेन खाली ठेवलं. सर गेले होते.

एप्रिलमध्ये प्रगती अहवाल गेला. सरांनी लिहिला, आकडे मी तपासले, प्राचार्यांनी सही केली. मेच्या मध्याला दिल्लीहून पत्र आलं. "अहवालातील तक्ता क्रमांक तीनमध्ये वेळेचे एकक 'गाव' असे नमूद आहे. हे एकक या कार्यालयास ज्ञात नाही. खुलासा होईपर्यंत दुसरा हप्ता रोखून ठेवण्यात येत आहे."

प्राचार्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. "भाऊसाहेब, तुम्ही तपासला होता ना हा तक्ता?"

"तपासला होता."

"मग?"

"बेरीज बरोबर होती."

खोटं नव्हतं ते. वेळ, गाव, ३.९. वेळ, गाव, ४.०. मी प्रत्येक रकाना दोनदा तपासला होता आणि मला काहीही खटकलं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढी मोठी चूक केलेली नाही. सरांनाही ती चूक आहे हे कळायला संध्याकाळ झाली. मग ते म्हणाले, "सेकंद लिहायला हवं होतं." थोड्या वेळानं, "पण मोजलं गावांत होतं."

"सर, दुरुस्ती पाठवू," प्राचार्य म्हणाले. "गाव काढा, सेकंद घाला, बाईंचं नावही काढा. सात लाख अडकलेत. तुम्ही तीस जूनला निवृत्त होणार. जाता जाता हे कशाला गळ्यात?"

यातलं काही चूक नव्हतं. प्राचार्य भले गृहस्थ होते, कॉलेजचं हित बघत होते. सरांनी खुलासा पाठवला, पण काही काढलं नाही. एक गाव म्हणजे किती सेकंद, ते किती वेळा मोजलं, फरक किती, हे सगळं त्यांनी दोन पानांत मांडलं, मुलांच्या वह्यांच्या प्रती जोडल्या. आणि मानधनाचा अर्ज परत एकदा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या कार्यालयाकडून एक गृहस्थ तपासणीला आले. संख्याशास्त्राचे जुने प्राध्यापक. कागद बघून झाल्यावर म्हणाले, "मला त्या बाईंना भेटायचंय." त्यांना घेऊन आम्ही तेरखेड्याला गेलो. आभाळ भरून आलं होतं, म्हणून बॉम्ब काढले नाहीत. लिंबाखाली बसून बाईंनी गावं म्हटली आणि त्या गृहस्थांनी स्वतःच्या घड्याळावर मोजली. नऊ वेळा. मग घड्याळ खिशात टाकून दहाव्यांदा म्हणायला लावली आणि डोळे मिटून नुसती ऐकली.

"माझी आई जात्यावर अशी मोजायची," ते म्हणाले. "काय मोजायची, ते विचारायचं राहिलं."

परत आल्यावर त्यांनी अहवालात दोन ओळी लिहिल्या, त्या मी जशाच्या तशा उतरवतो. "एकक मान्य. मानधन अमान्य."

"साहेब, हे कसं?" मी विचारलं.

"मला पटलंय हो," ते म्हणाले. "पण पदवीचा रकाना रिकामा ठेवून माझी सही पुढं जात नाही. दुसरा हप्ता सुटेल. साडेचार हजार मात्र अखर्चित म्हणून परत करा."

दुसरा हप्ता आठ दिवसांत जमा झाला. प्राचार्यांनी पेढे वाटले. सरांनी पेढा हातात घेतला आणि तो संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर कागदात तसाच होता.

वीस जूनला सरांच्या निरोप समारंभाची बैठक झाली. तिघंच होतो, पहिल्या दिवशी होतो तेच. हॉल, हार, जेवण ठरलं. प्राचार्य म्हणाले, "प्रमुख पाहुणे म्हणून कुणाला बोलवावं? सर, तुमच्या मनात कुणी?"

"अनुसयाबाई," सर म्हणाले.

प्राचार्यांचा प्रश्न संपायच्या आत म्हणाले. सव्वीस वर्षांत सरांनी असं दिलेलं हे एकच उत्तर मी ऐकलं. प्राचार्यही चमकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "प्रमुख पाहुण्यांच्या व्हाउचरला पात्रतेचा रकाना नसतो."

खरंच नसतो. कॉलेजच्या समारंभ निधीतून आजवर किती पाहुण्यांना शाल, श्रीफळ, मानधन दिलं गेलं. त्यांचं शिक्षण किती, हे कधी कुणी विचारलं नाही. व्हाउचरं मीच लिहिली होती.

प्राचार्यांनी पेन उघडलं. "मागच्या पाहुण्यांना आपण पाच हजार दिले होते."

"साडेचार," मी म्हणालो. "तेवढेच ठरले होते."

तीस जूनला अनुसयाबाई एसटीनं आल्या, नातसुनेला घेऊन. व्यासपीठावर तशाच, खुर्चीच्या कडेवर. दोन शब्द बोला म्हटल्यावर उठल्या, पदर सारखा केला.

"म्या काय बोलू? ही वात मी येवडी वरीस जाळली, कितींनी बघितली. कुनी इचारलं न्हाय काय म्हणतीस म्हणून. सर लई थांबून बोलत्यात. म्हणून त्यांस्नी ऐकू आलं असंल." आणि बसल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी व्हाउचर पुढं केलं. त्यांनी नातसुनेकडून ती ओळ वाचून घेतली. परत एकदा वाचायला लावली. मग सावकाश, एकेक अक्षर घडवत सही केली.

सरांचं सामान म्हणजे ती पिशवीच. हार त्यांनी शिपायाच्या हातात दिला होता. मुलगी गुलबर्ग्याला असते, तिच्याकडं राहायला जाणार होते. मैदान ओलांडून ते फाटकाकडं निघाले. ऊन उतरलं होतं, पावसानं नुकतीच उघडीप दिली होती आणि मैदानावरच्या पाण्यात त्यांचा पांढरा सदरा उलटा चालत होता. ते बरेच लांब गेल्यावर मला सुचलं आणि मी पायऱ्यांवरून मोठ्यानं म्हणालो, "सर, येत जा अधूनमधून."

ते थांबले. पाठ माझ्याकडंच. वळले नाहीत, चाललेही नाहीत.

मी उभा होतो. तेरखेडा. वाशी. पारगाव. ईट. पाथरूड. वालवड. भूमला त्यांनी हात वर केला, न बघताच. मग ते फाटकाबाहेर पडले, आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे. अदा रुपये चार हजार पाचशे फक्त, अधिक तेरखेडा ते तुळजापूर जाण्यायेण्याचं दोघींचं एसटी भाडं, तिकिटं सोबत जोडली आहेत. कोणास: श्रीमती अनुसया दगडू माने, राहणार तेरखेडा. कशाबद्दल: प्रमुख पाहुण्या, विषय, काळ मोजणे.